बेसबॉलमधील उत्तेजक द्रव्ये आणि विक्रमांचे मोल

ताकद, वेग किंवा दुखापतीतून सावरण्याची क्षमता औषधी द्रव्यांच्या साहाय्याने वाढवण्याची बेसबॉल खेळाडूंमधील प्रथा आणि तिच्यामुळे या खेळातील विक्रमांच्या मोलाविषयी उभा राहिलेला वाद. प्रस्तुत नोंद मुख्यत्वे मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेविषयी आहे. स्नायू वाढवणाऱ्या स्टेरॉइड या संप्रेरकसदृश औषधांवरून ‘स्टेरॉइड-पर्व’ म्हणून ओळखला जाणारा काळ सामान्यतः १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून २००४-०५ पर्यंत धरतात. आरंभाच्या वर्षाबाबत लेखकांत एकवाक्यता नाही. अखेर मात्र सक्तीच्या चाचण्यांमुळे बरीचशी निश्चित करता येते.

बेसबॉलमध्ये प्रत्येक चेंडूला एक पिचर (चेंडू फेकणारा) आणि एक बॅटर (तो टोलवणारा) समोरासमोर उभे असतात. त्यामुळे यशापयश एकेका खेळाडूच्या नावावर मांडता येते आणि असे हिशेब एकोणिसाव्या शतकापासून सलग ठेवलेले आहेत. बेब रूथचे १९२७ मधील ६० होमरन (कुंपणापलीकडे गेलेले टोले), रॉजर मॅरिसचे १९६१ मधील ६१, रूथचे कारकिर्दीतील ७१४ आणि हँक एरनचे ७५५ हे आकडे खेळाडूचे नाव न घेताही अमेरिकेत ओळखले जात. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायरने ७०, तर सॅमी सोसाने ६६ होमरन मारले. २००१ मध्ये बॅरी बाँड्सने ७३ ची मजल गाठली. ७ ऑगस्ट २००७ रोजी त्याने एरनलाही मागे टाकले आणि त्याची कारकीर्द ७६२ वर थांबली. १९९७ पर्यंत एका हंगामात ६० चा टप्पा दोनदाच गाठला गेला होता. १९९८ ते २००१ या चार हंगामांत तिघांनी मिळून तो सहा वेळा गाठला, आणि पुढची वीस वर्षे कोणालाच तो गाठता आला नाही. वादाचे मूळ या आकड्यांत आहे.

उगम : शक्तिवर्धक द्रव्य घेतलेला पहिला बेसबॉल खेळाडू म्हणून जेम्स ‘पड’ गॅल्विन या पिचरचे नाव अलीकडच्या लेखनात वारंवार येते. त्याचा आधार म्हणजे ऑगस्ट १८८९ मधील वृत्तपत्रीय बातम्या. त्यांनुसार पिट्सबर्गकडून खेळणाऱ्या गॅल्विनने बॉस्टनविरुद्धच्या सामन्यापूर्वी प्राण्यांच्या वृषणांपासून काढलेला अर्क टोचून घेतला आणि सामना जिंकला. हा अर्क शार्ल-एद्वार ब्राउन-सेकार या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या नावाने प्रसिद्ध होता. त्याने जून १८८९ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, पॅरिस येथे कुत्रा व गिनी पिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचल्याचे आणि अंगात नवी शक्ती आल्याचे जाहीर केले होते. ती बातमी दोन-अडीच महिन्यांत अमेरिकेतील खेळाच्या मैदानापर्यंत पोहोचावी, हे त्या काळाच्या मानाने लक्षणीय आहे.

मात्र या घटनेला उत्तेजक-सेवनाचा आरंभ मानण्यात अडचणी आहेत. एक तर गॅल्विनने हे उघडपणे केले. त्याविरुद्ध नियम नव्हता आणि तत्कालीन वृत्तपत्रांचा सूर कौतुकाचा होता. दुसरे म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे वृषणांतील पुरुषी संप्रेरक पाण्यात फारसे विरघळत नाही. ब्राउन-सेकारच्या पद्धतीने अर्क तयार करून पाहणाऱ्या ऑस्ट्रेलियातील संशोधकांना २००२ मध्ये त्यात आढळलेले संप्रेरक परिणामकारक मात्रेच्या हजारो पटींनी कमी होते. गॅल्विनला लाभ झालाच असेल, तर तो मनाच्या समजुतीचा. त्यामुळे ‘पहिला दोषी’ असा त्याचा उल्लेख टाळणे योग्य. ‘पहिली ज्ञात इच्छा’ इतकेच त्या प्रसंगाचे मोल. ३०० सामने जिंकणारा हा पहिला पिचर १९६५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये (श्रेष्ठ खेळाडूंच्या सन्मानदालनात) दाखल झाला. त्याचे एकूण विजय ३६१ की ३६५, हे नॅशनल असोसिएशन या जुन्या लीगचा १८७५ चा हंगाम मोजण्यावर अवलंबून आहे. आकडे पवित्र मानणाऱ्या या खेळात आकडेही असे पक्षोपपक्षांचे असतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

कृत्रिम टेस्टोस्टेरॉन १९३५ मध्ये तयार झाले आणि १९५० च्या दशकाअखेर अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड गोळीच्या रूपात बाजारात आले. बेसबॉलमधील त्यांच्या सुरुवातीच्या वापराची साधने तुटक आहेत. टॉम हाउस या माजी पिचरने आपण व आपल्या काळातील काहींनी स्टेरॉइड घेऊन पाहिल्याचे २००५ मध्ये सांगितले. एप्रिल १९७४ मध्ये एरनने रूथचा विक्रम मोडला, त्या ७१५ व्या होमरनचा चेंडू अटलांटाच्या राखीव पिचरांच्या जागेत झेलणारा हाच. अ‍ॅम्फेटामाइनच्या थकवा दडपणाऱ्या गोळ्या, खेळाडूंच्या बोलीत ‘ग्रीनी’, यांविषयी पुरावा अधिक ठोस आहे. लांबचे प्रवास आणि जवळजवळ रोजचे सामने यांमुळे त्या दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास पसरल्या. १९८५ च्या पिट्सबर्ग येथील खटल्यात त्यांविषयी साक्षी झाल्या. १९६८ मध्ये एकदा अशी गोळी घेतल्याचे खुद्द एरनने आत्मचरित्रात लिहिले आहे. तरीही बेसबॉलने अ‍ॅम्फेटामाइनची चाचणी २००६ मध्ये सुरू केली. स्टेरॉइड-पर्वाआधीचे विक्रम निर्मळ आणि नंतरचे मलिन अशी सरळ रेघ ओढणाऱ्यांनी ही बाब सहसा विचारात घेतलेली नाही.

नियमन : १९९० च्या संघीय कायद्याने अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड नियंत्रित द्रव्ये ठरली. जून १९९१ मध्ये लीगचे आयुक्त फे व्हिन्सेंट यांनी सर्व संघांना पत्र पाठवून स्टेरॉइडसह बेकायदा औषधांचा वापर निषिद्ध असल्याचे कळवले. म्हणजे १९९८ मध्ये ‘नियमच नव्हता’ हे विधान अर्धेच खरे आहे: मनाई होती, चाचणी आणि शिक्षा नव्हती. चाचणीसाठी खेळाडू संघटनेची संमती आवश्यक होती. संघटनेचा आक्षेप खासगीपणाच्या हक्काचा होता. संघमालकांनीही तो मोडून काढण्याची निकड दाखवली नाही. १९९४-९५ च्या संपाने रोडावलेला प्रेक्षक मॅग्वायर-सोसा चुरशीने परत आणला होता. त्याच हंगामात मॅग्वायरच्या कपाटात अँड्रोस्टेनडायोनची बाटली एका पत्रकाराला दिसली. ऑलिंपिकमध्ये बंदी असलेले हे द्रव्य तेव्हा अमेरिकेतील दुकानांत खुले मिळत असे. २००४ च्या कायद्याने ते स्टेरॉइडांच्या यादीत आले. स्टेरॉइड घेतल्याची कबुली मॅग्वायरने जानेवारी २०१० मध्ये दिली.

१९९६ चा सर्वोत्तम खेळाडू केन कॅमिनिटी याने २००२ मध्ये स्टेरॉइड घेतल्याचे मान्य केल्यावर संघटना व मालक यांच्यात करार झाला. २००३ मध्ये निनावी चाचण्या झाल्या. त्यांत ५ टक्क्यांहून अधिक नमुने दोषी निघाल्याने २००४ पासून सक्तीची चाचणी लागू झाली. २००५ च्या आरंभी पहिल्या दोषाला १० दिवसांचे निलंबन होते. मार्चमधील अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) सुनावणीनंतर ते ५० सामने आणि २०१४ मध्ये ८० सामने झाले. तिसऱ्या दोषाला कायमची बंदी. सिनेटचे माजी सदस्य जॉर्ज मिचेल यांचा १३ डिसेंबर २००७ चा अहवाल या विषयावरील सर्वांत मोठे साधन आहे. त्यात ऐंशीहून अधिक खेळाडूंची नावे असली, तरी ती बरीचशी दोन पुरवठादारांच्या जबानीवर आधारलेली आहेत. ते दोघे ज्यांना ओळखत होते तेच खेळाडू अहवालात आले. त्यामुळे अहवालात नाव नसणे हा निर्दोषत्वाचा दाखला ठरत नाही.

२००३ च्या चाचण्यांतील नावे पुढे फुटली. अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझने २००९ मध्ये कबुली दिली. त्या नावांत आलेल्या डेव्हिड ऑर्टिझबाबत मात्र आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी २०१६ मध्ये त्या यादीतील काही निष्कर्ष शास्त्रीयदृष्ट्या वादग्रस्त असल्याचे स्पष्ट केले. गुप्ततेचे वचन देऊन घेतलेल्या चाचणीवरून कोणालाही दोषी धरणे प्रस्तुत लेखकास न्याय्य वाटत नाही.

ओळख पटवण्याच्या पद्धती : लघवीतील टेस्टोस्टेरॉन मोजून भागत नाही, कारण ते प्रत्येकाच्या शरीरात असते. म्हणून त्याचे एपिटेस्टोस्टेरॉन या शरीरातच बनणाऱ्या सदृश द्रव्याशी प्रमाण पाहतात. बहुतेकांत ते १:१ च्या आसपास असते. ४:१ च्या वर गेल्यास संशय घेतात. काही व्यक्तींत हे प्रमाण जन्मतःच फार कमी असते. अशांना बरेच टेस्टोस्टेरॉन घेऊनही मर्यादेखाली राहता येते. ही फट कार्बन-समस्थानिकांच्या परीक्षेने बुजवली. औषधी टेस्टोस्टेरॉन सोयाबीनसारख्या वनस्पतींतील द्रव्यांपासून बनते आणि त्यातील कार्बन-१३ चे प्रमाण मिश्र आहार घेणाऱ्या माणसाच्या संप्रेरकातील प्रमाणापेक्षा किंचित कमी असते. दोन्ही सारख्याच रेणूंचा उगम असा वेगळा ओळखता येतो.

कॅलिफोर्नियातील बाल्को या कंपनीने पुरवलेले टेट्राहायड्रोजेस्ट्रिनोन, ऊर्फ ‘क्लिअर’, नेहमीच्या तपासणीसाठी नमुना तयार करतानाच विघटित होई; म्हणून ते सापडत नसे. २००३ मध्ये एका प्रशिक्षकाने वापरलेली पिचकारी अधिकाऱ्यांकडे पाठवली. तिच्यातील अवशेषांवरून लॉस एंजेलिस येथील डॉन कॅटलिन यांच्या प्रयोगशाळेने त्याची रचना उलगडली. मानवी वृद्धिसंप्रेरक रक्तातून झपाट्याने नाहीसे होते. त्याची रक्तचाचणी मेजर लीगमध्ये हंगाम चालू असताना २०१३ पासून होते. त्याने चरबीविरहित वजन वाढते. ताकद वाढल्याचा पुरावा मात्र क्षीण आहे.

परिणामाचे मोजमाप : औषधाने चेंडू ओळखण्याची नजर येत नाही, हा खेळाडूंचा जुना युक्तिवाद खरा असला तरी पुरेसा नाही. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शलेंदर भसीन व सहकाऱ्यांच्या प्रयोगात आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन घेऊन व्यायाम करणाऱ्या पुरुषांचे चरबीविरहित वजन १० आठवड्यांत सरासरी सुमारे ६ किग्रॅ. वाढले, केवळ व्यायाम करणाऱ्यांचे सुमारे २ किग्रॅ. भौतिकीचे प्राध्यापक रॉजर टोबिन यांनी २००८ मध्ये असे गणित मांडले की, स्नायूंत १० टक्के वाढ झाल्यास बॅटचा वेग सुमारे ५ टक्के आणि टोलवलेल्या चेंडूचा सुमारे ४ टक्के वाढेल. आणि एवढ्यानेही होमरन निम्म्याने किंवा त्याहून अधिक वाढू शकतील. कुंपणापाशी झेलला जाणारा चेंडू थोडक्यासाठी पलीकडे जातो, हे त्यामागचे मर्म. गणित सैद्धांतिक आहे, पण असामान्य बॅटरला अधिक लाभ का व्हावा याचे ते सयुक्तिक उत्तर देते.

उलट बाजूने १९९३ व १९९८ मध्ये वाढलेले संघ, त्यामुळे विरळ झालेला पिचरांचा दर्जा, नवी लहान मैदाने आणि सुमारे १६०० मी. उंचीवरील डेन्व्हरची विरळ हवा ही कारणे पुढे केली जातात. पिचरही उत्तेजके घेत होते, हेही खरेच. २००० च्या हंगामात मेजर लीगमध्ये ५,६९३ होमरन झाले. कडक चाचण्यांच्या काळात, २०१९ मध्ये, ६,७७६. त्या वाढीचे मुख्य कारण म्हणून हवेचा विरोध कमी झालेल्या चेंडूकडे बोट दाखवले जाते. एकूण होमरनसंख्येवरून औषधांचा वाटा काढता येत नाही, हे यावरून दिसते. एकेका बॅटरची उतारवयातील अचाट झेप मात्र चेंडू किंवा मैदान यांनी उलगडत नाही. बाँड्सने ७३ होमरन मारले तेव्हा त्याला ३७ वे वर्ष लागले होते.

विक्रमांचे स्थान : मेजर लीगने उत्तेजकांच्या कारणावरून एकही होमरन वजा केलेला नाही. या संदर्भात सतत आठवले जाणारे तारकाचिन्हही (विक्रम निर्विवाद नसल्याची खूण) मुळात कधी छापले गेले नव्हते. १९६१ मध्ये हंगाम १५४ सामन्यांवरून १६२ वर गेल्याने आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी रूथ आणि मॅरिस यांचे विक्रम वेगळे दाखवावेत असे सुचवले. काही काळ त्यांची नोंद स्वतंत्र ओळींत होत होती. १९९१ मध्ये ती विभागणी रद्द झाली. बाँड्सच्या ७५६ व्या होमरनचा चेंडू लिलावात घेणाऱ्याने लोकांचे मत मागवून त्यावर तारकाचिन्ह कोरून घेतले. तो आता कूपर्सटाउन येथील हॉल ऑफ फेमच्या संग्रहालयात आहे.

एका प्रकरणात मात्र यादी खरोखर बदलली. मेल्की कब्रेरा हा सॅन फ्रान्सिस्कोचा खेळाडू २०१२ मध्ये .३४६ सरासरीवर (सरासरी म्हणजे यशस्वी टोल्यांचे प्रमाण) असताना ५० सामन्यांसाठी निलंबित झाला. सरासरीच्या किताबासाठी ५०२ वेळा फलंदाजीस येणे आवश्यक होते. तो ५०१ वेळा आला होता. नियमानुसार एक काल्पनिक अपयशी खेळी जोडून त्याची सरासरी मोजली गेली असती आणि तोच पहिला ठरला असता. त्याने स्वतःच वगळण्याची विनंती केली. लीग व संघटना यांनी त्या हंगामापुरता नियम बदलला आणि किताब त्याच्याच संघातील बस्टर पोझीला .३३६ वर मिळाला. कब्रेराची सरासरी मात्र नोंदीत तशीच राहिली. नोंद कायम ठेवून मान काढून घेण्याचे हे उदाहरण या वादात सर्वांत समंजस वाटते. तसे पुढे घडले नाही: रायन ब्रॉन २०१३ मध्ये निलंबित झाला, पण त्याचा २०११ चा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याच्याकडेच आहे.

मान नाकारण्याचे काम प्रत्यक्षात हॉल ऑफ फेमच्या मतदारांवर, म्हणजे बेसबॉल लेखकांवर, येऊन पडले. नियमांत सचोटी व चारित्र्य यांचा उल्लेख आहे. निवडीस ७५ टक्के मते लागतात. बाँड्सने जाणूनबुजून स्टेरॉइड घेतल्याचे कधी मान्य केलेले नाही; न्यायात अडथळा आणल्याबद्दलची त्याची शिक्षा २०१५ मध्ये रद्द झाली. ३५४ विजय मिळवणारा रॉजर क्लेमेन्स आरोप नाकारत आला असून खोट्या साक्षीच्या खटल्यात २०१२ मध्ये निर्दोष सुटला. २०२२ च्या अखेरच्या संधीत दोघांना अनुक्रमे ६६ आणि ६५.२ टक्के मते पडली. त्याच वर्षी ऑर्टिझ पहिल्याच प्रयत्नात निवडून आला. स्टेरॉइड-पर्वात आयुक्त असलेले बड सेलिग यांची निवड त्याआधीच, डिसेंबर २०१६ मध्ये, समितीमार्फत झाली होती. खेळाडूंना दाराबाहेर ठेवून त्या काळाच्या कारभाऱ्याला आत घेणे हा मोठाच अन्याय आहे, असे म्हणणाऱ्या मतदारांची बाजू भक्कम आहे.

विक्रमांच्या तुलनेत संदर्भ बदलण्याचे दुसरे उदाहरण वंशभेदाचे आहे. १९४७ पर्यंतच्या मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. रूथला त्या पिचरांचा सामना अधिकृत सामन्यांत करावा लागला नाही. कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र निग्रो लीगमधील आकडे २०२४ मध्ये अधिकृत यादीत समाविष्ट झाले आणि जॉश गिब्सन .३७२ या सरासरीने कारकिर्दीच्या यादीत अग्रस्थानी आला.

अन्य देश : जपानमधील व्यावसायिक लीगमध्ये चाचणीत दोषी ठरून झालेले पहिले निलंबन २००७ मधील असून ते फिनास्टेराइड या केसगळतीवरील औषधामुळे झाले. स्टेरॉइडांचा माग झाकू शकते म्हणून ते तेव्हा निषिद्ध होते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २००९ पासून ते यादीतून काढले.