कार्ट इंजिनातील मिसिंगचे निदान

कार्ट म्हणजे गो-कार्ट, शर्यतीची छोटी उघडी गाडी. तिच्या इंजिनातील मिसिंग म्हणजे सिलिंडरमध्ये भरलेले पेट्रोल-हवेचे मिश्रण ठरल्या क्षणी न पेटणे. स्फोट चुकला की कार्ट गचका खाते. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन तिथे पेटते आणि फटाका फुटल्यासारखा आवाज येतो. नागपुरातला मेकॅनिक ‘गाडी मिसिंग मारून राहिली’ एवढेच म्हणतो आणि पुष्कळदा लगेच कॉइल (ठिणगीसाठी जोरदार करंट तयार करणारा भाग) बदलायला घेतो. कॉइल हा सगळ्यांत महाग अंदाज आहे आणि तो फार क्वचित बरोबर निघतो. त्याआधी चालकाला विचारायचे, की मिसिंग नेमके कधी होते? इंजिन थंड असताना की तापल्यावर, सरळ पट्ट्यात की वळणावर, पूर्ण रेसवर की नुसते उभे असताना? एवढे कळले, तर पाना हातात घेण्याआधीच संशयित दोन-तीनच उरतात.

इंजिने मुख्यतः तीन तऱ्हांची भेटतात. भाड्याने चालवायच्या कार्टना सहसा होंडाच्या जीएक्स मालिकेतली फोर-स्ट्रोक इंजिने असतात. अभियांत्रिकीचे विद्यार्थी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बनवतात त्या कार्टना बहुधा १२५ सीसीच्या आसपासच्या मोटारसायकलचे इंजिन बसवलेले असते. कोल्हापूरचा मोहिते ट्रॅक किंवा कोइमतूरचा कारी स्पीडवे अशा ठिकाणी शर्यतीत उतरणाऱ्यांकडे रोटॅक्स मॅक्ससारखी १२५ सीसीची टू-स्ट्रोक असतात. तिन्हींना करंट वेगवेगळ्या वाटेने मिळतो. जीएक्समध्ये बॅटरी लागत नाही. फ्लायव्हीलमधले (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकातले) चुंबक कॉइलसमोरून जाते तेव्हा ठिणगी पडते, आणि ती प्रत्येक फेऱ्याला पडते, म्हणजे निम्म्या ठिणग्या एक्झॉस्टच्या वेळी वाया जातात. रोटॅक्स मॅक्सचे इग्निशन १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. १४,००० आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) त्याला सेकंदाला सुमारे २३३ ठिणग्या द्याव्या लागतात, त्यामुळे बॅटरी उतरलेली असली की वरच्या आरपीएमवर तक्रारी सुरू होतात.

पहिले काम पेट्रोल आणि करंट वेगळे करण्याचे. मिसिंग चालू असतानाच इंजिन बंद करायचे, आयडलवर (रेस न देता) फिरू द्यायचे नाही, आणि लगेच प्लग काढून पाहायचा. प्लग पेट्रोलने ओला असेल तर मिश्रण पोहोचत होते, ठिणगी नव्हती. कोरडा ठणठणीत असेल तर टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक, फिल्टर आणि जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे बारीक छिद्र) आधी तपासावेत. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर करंट त्या रेघेवरून बाहेरच्या बाहेर पळतो आहे. असा प्लग घासून साफ करण्यात अर्थ नाही. टू-स्ट्रोकमध्ये रांगेत उभे असताना ऑइल-कार्बनचा कण दोन टोकांमध्ये अडकून प्लग शॉर्ट होतो, हे नेहमीचेच.

प्लग बाहेर काढून हेडला टेकवायचा, दोरी ओढायची आणि निळी ठिणगी दिसली की ‘करंट ओके’ म्हणायचे, ही तपासणी अर्धवट आहे. ०.७ मिमीचे अंतर मोकळ्या हवेत ओलांडायला तीन हजार व्होल्टच्या आसपास पुरतात. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणात त्याच अंतराला कित्येक पट जास्त व्होल्टेज लागते. रेस जितकी उघडाल तितके सिलिंडर भरते, दाब वाढतो आणि ठिणगी अवघड होते. म्हणून अशक्त कॉइल किंवा झिजून अंतर वाढलेला प्लग आयडलवर शहाण्यासारखा वागतो आणि वळणातून बाहेर पडताना पूर्ण रेस दिली की दगा देतो. यासाठी मोठ्या अंतराचा स्पार्क टेस्टर वापरावा. जीएक्सच्या प्लगचे अंतर ०.७ ते ०.८ मिमी ठेवायचे.

वायरिंगमधला सगळ्यांत बदमाश भाग म्हणजे किल स्विचची वायर. जीएक्समध्ये इंजिन बंद करायचे म्हणजे ही एक वायर बॉडीला टेकवून करंट मारायचा. चेसिसच्या पाइपवर घासून तिचे आवरण गेले, तर प्रत्येक धक्क्याला इंजिन क्षणभर बंद होते आणि ते हुबेहूब मिसिंग वाटते. मागची चाके स्टँडवर उचलून ती वायर इंजिनपाशीच सोडवायची आणि रेस देऊन पाहायची. मिसिंग गेले तर दोष वायरिंगचा. मात्र मग स्विचने इंजिन बंद होणार नाही, त्यामुळे चोक ओढणे आणि पेट्रोलचा कॉक बंद करणे एवढी तयारी आधी असावी.

मिसिंग फक्त एकाच बाजूच्या वळणावर होत असेल, तर ऑइल अलर्ट आठवावा. ऑइल कमी झाले की जीएक्सच्या क्रँककेसमधला सेन्सर करंट तोडतो. वळणात ऑइल एका बाजूला सरकले की पातळी पुरेशी असूनही तो फसतो. म्हणून कार्टमध्ये ही वायर काढून ठेवतात. काढली, की ऑइल रोज हाताने पाहणे आले; जीएक्स २०० मध्ये ते जेमतेम ०.६ लिटर मावते.

विद्यार्थ्यांच्या कार्टमध्ये दोष बहुतेक वेळा इंजिनात नसतोच. मोटारसायकलचे वायरिंग कापून लांबवलेले असते, जोड नुसते पिळून टेप गुंडाळलेले असतात. त्यात अर्थिंगची रिंग नव्या कोऱ्या, चकचकीत पावडर कोटिंगवर बोल्टने आवळलेली असते. पावडर कोटिंगमधून करंट जात नाही. बोल्टच्या आट्यांतून जेवढा संपर्क मिळेल तेवढ्यावर सगळे चालते आणि कंपनाने तोही सुटतो. रिंगखालचा रंग खरवडून धातू उघडा केला, की पुष्कळ कार्ट तिथेच सुधारतात. बजाज डिस्कव्हरसारखे डीटीएस-आय इंजिन असेल तर आणखी एक गंमत आहे. त्यात दोन प्लग असतात आणि एक मेला तरी इंजिन चालत राहते, फक्त मंद होते. एकेक कॅप आळीपाळीने काढून पाहावी. जी काढल्याने आवाजात काहीच फरक पडत नाही, ती बाजू आधीच बंद होती.

नागपूरचा उन्हाळा या कामात स्वतंत्र अडचण घालतो. मे महिन्यात सावलीतच पारा ४५ अंशांना टेकतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे २० अंशांना ६.८ किलोओहम दाखवणारी कॉइल ४५ अंशांना ७.५ च्या जवळ दाखवते. जीएक्स २०० च्या सेकंडरी वाइंडिंगची (कॉइलमधल्या, प्लगकडे जाणाऱ्या तारेच्या वेटोळ्याची) मर्यादा ५.९ ते ७.१ किलोओहम, त्यामुळे दुपारी मोजलेली चांगली कॉइल भंगारात जाऊ शकते. उलट खरोखर बिघडलेली कॉइल सकाळी थंडपणी अगदी बरोबर आकडे देते. तापल्यावर आतली तार तुटते किंवा तिचे थर एकमेकांना शॉर्ट होतात, आणि वीस मिनिटे गार झाली की ती पुन्हा चालू. म्हणून मीटर लावायचा तर मिसिंग सुरू असतानाच्या तापलेल्या कॉइलला लावावा, तापमानाची वाढ हिशेबात धरावी, आणि शंका उरलीच तर दुसऱ्या कार्टची चालती कॉइल तात्पुरती बसवून पाहावी.

उन्हाळ्यात करंटवर खोटे आळही येतात. ४५ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ८ टक्के विरळ असते. हिवाळ्यात बसवलेला जेट तोच राहिला तर मिश्रण श्रीमंत (पेट्रोल जास्त, हवा कमी) होते आणि टू-स्ट्रोक इंजिन एक फेरा सोडून पेटू लागते. त्याचा घोगरा, अडखळता आवाज नवख्याला मिसिंग वाटतो. इलाज लहान जेट. पाइप तापून पेट्रोलची वाफ झाली, तरी गचके तसेच बसतात. लॅप टायमरचा आरपीएमचा आलेख असेल तर हा घोळ लवकर सुटतो. त्याची वायर प्लगच्या वायरला गुंडाळलेली असते, त्यामुळे करंट तुटला की रेघ एका क्षणात खाली कोसळते, जे प्रत्यक्षात कुठल्याही क्रँकला शक्य नाही. पेट्रोल कमी पडले तर रेघ उतारासारखी हळूहळू खाली येते.

ठिणगी उत्तम, पेट्रोल उत्तम, तरी दोरी ओढताना हाताला उलटा झटका बसत असेल तर फ्लायव्हीलची चावी, म्हणजे त्याला क्रँकवर जागच्या जागी धरणारा धातूचा तुकडा, पाहावी. कार्ट बॅरियरवर आदळून इंजिन एकदम अडकले की ही छोटी चावी अर्धवट कापली जाते आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) सरकते. नट खोलून दोन्ही खाचा समोरासमोर येतात का, हे डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही. त्याच वेळी चुंबकावरचा गंज पॉलिश पेपरने काढावा आणि कॉइलचे अंतर लावून घ्यावे. ते ०.२ ते ०.६ मिमी चालते. फिलर गेज (फट मोजायची पट्टी) नसेल तर मधे व्हिजिटिंग कार्ड धरून बोल्ट आवळतात आणि ते बरोबर जमते.

सरळ पट्ट्याच्या शेवटी, दर लॅपला त्याच जागी होणारे ‘मिसिंग’ मात्र बहुधा बिघाड नसते. रोटॅक्स मॅक्सच्या सीनिअर वर्गात इग्निशन स्वतःच १४,००० आरपीएमला ठिणग्या तोडते. तिथे प्लग, कॉइल काहीही बदलून उपयोग होत नाही. मागच्या धुरीवरचा स्प्रॉकेट एक-दोन दात्यांनी लहान करावा लागतो.

पावसाळ्यात दोष प्लग कॅपकडे जातो. जून उजाडला की कॅपच्या रबरात ओल शिरते आणि सकाळी इंजिन पहिल्या काही मिनिटांपुरतेच अडखळते. संध्याकाळी अंधारात, वायरवर पाण्याचे तुषार मारून इंजिन चालवले तर करंट कुठून गळतो ते निळसर चमकीने दिसते. जीएक्सची कॅप फिरवून काढता येते. वायरचे काळे पडलेले टोक पाच-सहा मिलिमीटर कापून ती पुन्हा घट्ट फिरवून बसवली की बहुतेक वेळा नवी वायर लागत नाही.