डोकं पिळून लावायची बॅटरी आणि तिच्यातली ओ-रिंग

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या एखाद्या किल्ल्यावरून अंधारात उतरावं लागलं की बॅटरीची किंमत कळते. माझ्याकडची डोकं, म्हणजे दिव्याकडचं टोक, पिळून लावायची आहे. डोकं पूर्ण काढलं की आट्यांच्या मागे, नळीवरच्या खाचेत एक बारीक काळी रबरी रिंग दिसते, तीच ओ-रिंग. तिथलं पाणी अडवायचं सगळं काम तिचं.

हातात धरायच्या बॅटरीचं पेटंट डेव्हिड मिसेल याला न्यूयॉर्कमध्ये १८९९ साली मिळालं. तेव्हाची नळी कागदी फायबरची होती, त्यामुळे पाण्याशी तिचा संबंध येऊन चालणारच नव्हतं. पुढे पत्र्याच्या नळ्या आल्या, पण सरकतं बटण म्हणजे नळीला भोक, आणि पाऊस तिथूनच आत शिरायचा. डोकं पिळून दिवा लावला तर ते भोकच लागत नाही. फक्त मग सांधा हलता होतो, आणि हलता सांधा पाण्यापासून बंद ठेवणं फार अवघड असतं.

ते कोडं सुटलं ब्रेकच्या कामात. डेन्मार्कमध्ये जन्मलेला नील्स ख्रिस्टेन्सेन १८९१ मध्ये अमेरिकेत गेला आणि ट्रामच्या एअरब्रेकवर काम करत राहिला. पिस्टनमधून होणारी गळती त्याच्या डोक्यातून जात नव्हती. रबरी रिंगची कल्पना त्याच्या आधीही होती. त्याने मन लावून बसवली ती खाच: आयताकृती, आणि रिंगच्या जाडीपेक्षा रुंद. त्या मोकळ्या जागेमुळे पिस्टन पुढेमागे होताना रिंग थोडी लोळते, कणकेसारखी मळली जाते, पण फाटत नाही. १९३७ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्याने अर्ज केला. १९३९ मध्ये पेटंट मिळालं. लगेच युद्ध आलं, विमानांना या रिंगा हव्या होत्या, म्हणून अमेरिकन सरकारने पेटंट इतर कारखान्यांना खुलं केलं. ख्रिस्टेन्सेनच्या हातात ७५,००० डॉलर पडले. तो १९५२ मध्ये वारला आणि वारसांना आणखी १,००,००० डॉलर मिळाले ते १९७१ मध्ये. इतक्या उपयोगी माणसाच्या वाट्याला हा उशीर यावा, याचं मला खरंच वाईट वाटतं.

रिंग खाचेच्या खोलीपेक्षा जराशी जाड असते, म्हणून डोकं बसवलं की ती कायम दाबलेली राहते. बाहेरून पाणी रेटू लागलं की ती खाचेच्या पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकते आणि फटीच्या तोंडाशी फुगते. जितका दाब जास्त, तितकी पकड घट्ट. कुकरची रिंगही वाफेच्या दाबाने अशीच घट्ट बसते.

ही रिंग सामान्य माणसाच्या खिशात पोचवणाऱ्यांत अमेरिकेतले बॅटरी बनवणारे अँथनी मॅग्लिका यांचं नाव घ्यावंच लागेल. त्यांची मिनी मॅगलाइट १९८४ मध्ये आली: दोन पेन्सिल सेल, ॲल्युमिनियमची नळी, डोकं सैल करत गेलं की दिवा लागतो आणि झोत बदलतो. म्हणजे प्रत्येक वेळी डोक्याची आतली भिंत रिंगवरून घासत जाते.

म्हणूनच बॅटरीवरच्या ‘आयपीएक्स७’ या पाणी आत न शिरण्याच्या शिक्क्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, तेही स्वस्थ पडून. पाण्याखाली डोकं फिरवलं, किंवा आट्यांत वाळूचा कण अडकला, तर त्या शिक्क्यावर विसंबू नये. तापलेली बॅटरी थंड ओढ्यात पडली की आतली हवा आक्रसते आणि बाहेरचं पाणी ओढू पाहते. अशा वेळी कोरडी रिंग दगा देऊ शकते. नायट्राइल रबराच्या रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरतो. रिंगच सिलिकॉनची असेल तर तेच ग्रीस तिला फुगवतं. व्हॅसलीन नायट्राइलला चालतं, पण ईपीडीएम रबर त्याने फुगतं.

गेल्या भाद्रपदात मी जुनी रिंग टाचणीने उचकटून काढली. खाचेतली बाजू गोल होती, बाहेरची साफ चपटी. नखाने दाबून, रात्रभर मोकळी ठेवूनही ती परत गोल झाली नाही. बघायला कुठेही चीर नव्हती, तरी तिच्यातला रेटा संपला होता. ऑइल सीलच्या दुकानात जुनी रिंग दाखवली, त्यांनी जाडी मोजून त्याच मापाची नवी दिली.