जर्मनीतील नोकरीसाठी ब्लू कार्ड : पात्रता, कागदपत्रे आणि पोहोचल्यानंतरच्या नोंदण्या

जर्मनीतील कंपनीचे नियुक्तीपत्र हाती पडले की बहुतेक अर्जदार सर्वप्रथम व्हिसाचा अर्ज उघडून बसतात. वास्तविक त्या अर्जाची पाळी बरीच नंतर येते. आधी पदवीची मान्यता तपासायची, मग करारातील पद आणि पगार त्या पदवीशी जुळतो का हे पाहायचे आणि त्यानंतर व्हिसाकडे वळायचे, हा क्रम पाळला तर प्रक्रिया सरळ आहे. तो चुकला तर तीच कागदपत्रे पुन्हा पुन्हा सादर करावी लागतात. जर्मनीत उतरल्यानंतरही असाच एक क्रम आहे आणि त्याची सुरुवात घराच्या पत्त्याच्या नोंदणीने होते.

पुढील माहिती जर्मन कंपनीशी थेट करार करून जाणाऱ्या पदवीधरांसाठी आहे. भारतातील कंपनीच्याच पगारपत्रकावर राहून काही काळासाठी जर्मन शाखेत पाठवल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी परवान्याचा प्रकार वेगळा असतो. त्यांचे सामाजिक सुरक्षेचे नियमही वेगळे आहेत. १ मे २०१७ पासून लागू असलेल्या भारत–जर्मनी सामाजिक सुरक्षा करारानुसार अशा कर्मचाऱ्यांना भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून प्रमाणपत्र घेता येते आणि ठरावीक काळ जर्मन पेन्शन विम्याच्या वर्गणीतून सूट मिळवता येते. आपण या दोहोंपैकी कोणत्या गटात मोडतो, हे कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून लेखी विचारून घ्यावे, कारण ‘जर्मनीला पाठवत आहोत’ असे तोंडी सांगताना दोन्ही प्रकारांसाठी तेच शब्द वापरले जातात.

पात्रता

ब्लू कार्ड हा उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठीचा निवास परवाना असून जर्मन निवास कायद्याच्या कलम १८-जीमध्ये त्याच्या अटी दिलेल्या आहेत. हे कलम १८ नोव्हेंबर २०२३ पासून लागू आहे. मूळ अटी तीन आहेत : जर्मनीत मान्य असलेली किंवा तेथील पदवीशी तुल्य ठरणारी पदवी, त्या शिक्षणाला साजेशी किमान सहा महिन्यांची नोकरी, आणि ठरवून दिलेल्या मर्यादेइतका किंवा त्याहून अधिक वार्षिक पगार.

पगाराची मर्यादा दरवर्षी बदलते, कारण ती पेन्शन विम्याच्या वर्गणीसाठी धरल्या जाणाऱ्या कमाल उत्पन्नाशी जोडलेली आहे. त्या उत्पन्नाच्या ५० टक्के ही सर्वसाधारण मर्यादा आणि ४५.३ टक्के ही सवलतीची मर्यादा होय. २०२५ साठी या रकमा अनुक्रमे ४८,३०० आणि ४३,७५९.८० युरो होत्या. २०२६ साठी त्या ५०,७०० आणि ४५,९३४.२० युरो आहेत. या रकमा कर आणि विमा कापण्यापूर्वीच्या वर्षभराच्या पगाराच्या आहेत. करारात लिहिलेला खात्रीचा पगारच मर्यादेपर्यंत पोहोचतो का, हे पाहावे. कामगिरीवर अवलंबून असलेला बोनस जमेस धरून मर्यादा गाठण्याचा हिशेब करू नये. वर्षाच्या अखेरीस करार होत असेल तर पुढच्या वर्षीच्या वाढीव मर्यादेचाही विचार करून आकडा ठरवलेला बरा.

सवलतीची मर्यादा मनुष्यबळाची कमतरता असलेल्या व्यवसायांना लागू होते. अभियंते, माहिती तंत्रज्ञानातील तज्ज्ञ, वैद्यकीय डॉक्टर, गणित व निसर्गविज्ञानाचे पदवीधर आणि २०२३ नंतर वाढवलेल्या यादीतील शिक्षक व परिचारिका यांसारखे व्यवसाय त्यात येतात. पदवी मिळून तीन वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसेल, तर व्यवसाय कोणताही असला तरी हीच कमी मर्यादा धरली जाते. मात्र या सवलतीसोबत संघीय रोजगार संस्थेची संमती आवश्यक ठरते. कामाच्या अटी आणि पगार त्याच कामावरील स्थानिक कर्मचाऱ्यांच्या तुलनेत कमी तर नाहीत ना, हे ती संस्था पाहते. ही संमती अर्जदाराने स्वतः आणायची नसते. व्हिसा कार्यालयच ती मागवते.

माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात पदवी नसलेल्यांनाही वाट मोकळी आहे. मागील सात वर्षांपैकी किमान तीन वर्षांचा पदवीच्या पातळीचा कामाचा अनुभव दाखवता आला आणि पगार सवलतीच्या मर्यादेइतका असला, तर ब्लू कार्ड मिळू शकते. अशा अर्जात अनुभवाच्या प्रमाणपत्रांवरच सारे अवलंबून असते. ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कार्यरत होते’ एवढ्या एका ओळीच्या पत्रावरून कामाची पातळी कळत नाही. प्रत्यक्ष कोणती जबाबदारी होती, हे त्यात सविस्तर लिहून घ्यावे.

पगार मर्यादेपेक्षा कमी असल्यास जर्मनीचा मार्गच बंद होतो, असे नाही. कलम १८-बीखालील कुशल कर्मचाऱ्यांच्या साध्या परवान्यासाठी सर्वांना लागू होणारी अशी ठरावीक रक्कम नाही. पंचेचाळीस वर्षे पूर्ण केलेल्या नव्या अर्जदारांना मात्र २०२६ साठी ५५,७७० युरो वार्षिक पगार किंवा वृद्धापकाळाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते.

पदवीची मान्यता

सर्वाधिक अर्ज अडतात ते येथेच, म्हणून हा भाग सावकाश करावा. परदेशी विद्यापीठे आणि पदव्यांची जर्मन सरकारी नोंद ‘आनाबिन’ या संकेतस्थळावर पाहता येते. तेथे दोन स्वतंत्र गोष्टी शोधायच्या असतात. पहिली संस्था, जिच्यापुढे ‘एच प्लस’ असा शेरा असला पाहिजे. दुसरी पदवी, जिच्यापुढे ‘एंटश्प्रिख्ट’ किंवा ‘ग्लाइखवेर्टिग’ असा शब्द, म्हणजे ती जर्मन पदवीशी जुळते किंवा समकक्ष आहे असा अभिप्राय असला पाहिजे. दोन्ही नोंदींच्या छापील प्रती अर्जाला जोडायच्या असतात. एकीवर भागत नाही.

आपल्याकडील बहुतेक महाविद्यालये विद्यापीठाशी संलग्न असतात आणि पदवी विद्यापीठ देते. त्यामुळे आनाबिनमध्ये महाविद्यालयाचे नाव सापडले नाही म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पदवी प्रमाणपत्रावर ज्या विद्यापीठाचे नाव आहे, ते शोधावे. विद्यापीठाचे नामांतर झालेले असल्यास जुन्या नावानेही शोध घ्यावा. संस्था सापडते पण नेमकी पदवी सापडत नाही, किंवा संस्थेपुढे ‘एच प्लस मायनस’ असा शेरा आहे, किंवा पदवी ‘बेडिंग्ट फेरग्लाइखबार’, म्हणजे केवळ अंशतः तुल्य ठरवली आहे, अशा परिस्थितीत झेडएबी या केंद्रीय संस्थेकडून तुल्यतेचे विधान मागवावे. हा अर्ज ऑनलाइन असतो, त्याला शुल्क पडते आणि पदवी प्रमाणपत्रासोबत गुणपत्रकेही द्यावी लागतात. तात्पुरते प्रमाणपत्र घेऊन दीक्षान्त समारंभाकडे पाठ फिरवलेल्यांनी मूळ पदवी प्रमाणपत्रासाठी विद्यापीठाकडे आधीच अर्ज करून ठेवावा.

डॉक्टर, परिचारिका यांसारख्या नियंत्रित व्यवसायांत तुल्यतेचे विधान पुरत नाही. तेथे व्यवसाय करण्याचा परवाना किंवा तो देण्याची लेखी हमी लागते आणि तिचा अर्ज संबंधित जर्मन राज्याच्या प्राधिकरणाकडे करावा लागतो.

नावाचा प्रश्न

महाराष्ट्रातील गुणपत्रकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव आणि कधी आईचे नाव अशी मांडणी असते. पासपोर्टवर आडनाव आणि दिलेले नाव असे दोनच रकाने असतात आणि दिलेल्या नावाच्या रकान्यात वडिलांचे नाव आलेलेही असते, नसतेही. विवाहानंतर नाव बदललेले असल्यास गुंता आणखी वाढतो. जर्मन कार्यालये पासपोर्टवरील नाव प्रमाण मानतात. म्हणून नोकरीचा करार, विमा आणि अर्ज या सर्वांवर पासपोर्टप्रमाणेच अक्षरन्‌अक्षर नाव लिहून घ्यावे. जुन्या शैक्षणिक कागदपत्रांवरील फरक विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र जोडून स्पष्ट करावा. करारावर ऑफिसात रूढ असलेले छोटे नाव घातले गेल्यास सही करण्यापूर्वीच ते बदलून घ्यावे.

व्हिसाचा अर्ज

भारतीय नागरिकांना प्रस्थानापूर्वी राष्ट्रीय व्हिसा, म्हणजे ‘डी’ व्हिसा घ्यावा लागतो. अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसावर जाऊन तेथे तो बदलून घेता येईल, या भरवशावर निघू नये. महाराष्ट्रातील रहिवाशांचे अर्ज मुंबईतील जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. जानेवारी २०२५ पासून जर्मन परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर राष्ट्रीय व्हिसाचे अर्ज ऑनलाइन भरता येतात. कागदपत्रे तेथे अपलोड करून प्राथमिक छाननी झाल्यावर बोटांचे ठसे आणि मूळ कागदपत्रे यांसाठी प्रत्यक्ष हजर राहावे लागते. प्रौढांसाठी व्हिसाचे शुल्क ७५ युरो असून ते रुपयांत घेतले जाते. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क असल्यास ते वेगळे द्यावे लागते.

सोबत पुढील कागदपत्रे लागतात : किमान दोन कोरी पाने असलेला आणि दहा वर्षांच्या आत दिलेला पासपोर्ट, ३५ बाय ४५ मिलिमीटरची अलीकडची छायाचित्रे, दोन्ही पक्षांच्या सह्या असलेला नोकरीचा करार, नियोक्त्याने भरून दिलेले ‘रोजगार संबंधाचे घोषणापत्र’, पदवी प्रमाणपत्र व गुणपत्रके, आनाबिनच्या प्रती किंवा झेडएबीचे विधान, कामाच्या अनुभवाचा तपशील आणि आरोग्य विम्याचा पुरावा. यांपैकी घोषणापत्राचा नमुना ठरलेला असून तो कंपनीनेच भरायचा असतो. पद, कामाचे तास आणि पगार हे त्यात करारातल्याप्रमाणेच आहेत ना, हे अर्जदाराने स्वतः पडताळावे. वैधानिक आरोग्य विमा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो. त्यामुळे विमान उतरल्यापासून रुजू होईपर्यंतच्या दिवसांसाठी स्वतंत्र विमा घ्यावा लागतो. अनेकांच्या अर्जात नेमका हाच तुकडा राहून जातो.

कंपनीला घाई असल्यास ती निवास कायद्याच्या कलम ८१-एनुसार जलद प्रक्रिया सुरू करू शकते. हा अर्ज कंपनी अर्जदाराच्या मुखत्यारपत्रावर स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात करते आणि त्याचे शुल्क ४११ युरो आहे. पूर्वसंमती मिळाल्यावर तीन आठवड्यांच्या आत भेटीची वेळ आणि पूर्ण अर्ज सादर झाल्यावर साधारण तीन आठवड्यांत निर्णय, अशी मुदत तीत घातलेली आहे. पदवीची तुल्यता आधीच सिद्ध झालेली असल्यास या मार्गाचा खरा लाभ होतो.

पती किंवा पत्नी आणि अल्पवयीन मुलांचे अर्ज सोबतच करता येतात. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला जर्मन भाषेच्या परीक्षेची अट नाही आणि तेथे कोणतीही नोकरी करण्याची मुभा असते. विवाह आणि जन्म प्रमाणपत्रे मात्र व्यवस्थित लागतात आणि ती पुढे पत्त्याच्या नोंदणीच्या वेळीही मागितली जाऊ शकतात, म्हणून मूळ प्रती प्रवासात जवळच्या पिशवीत ठेवाव्यात.

पोहोचल्यानंतर

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत स्थानिक नागरिक कार्यालयात पत्त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे. या नोंदणीला ‘आन्मेल्डुंग’ म्हणतात. तिच्यासाठी पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाने दिलेले राहण्याचे पुष्टीपत्र लागते. भाडेकरार या पुष्टीपत्राची जागा घेऊ शकत नाही. ते देणे घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे; तरीही तात्पुरत्या मुक्कामाच्या जागांचे मालक पुष्कळदा टाळाटाळ करतात. घर ठरवतानाच ‘येथे नोंदणी करता येईल का’ हे विचारून लेखी उत्तर घ्यावे. मोठ्या शहरांत भेटीची वेळ मिळणे कठीण असते. ती भारतातूनच आरक्षित करता येत असल्यास करावी.

नोंदणीच्या अर्जात धर्माचा एक रकाना असतो आणि तो केवळ माहितीसाठी नाही. करवसुली करणाऱ्या चर्चचे सदस्यत्व तेथे नोंदवल्यास पगारातून चर्चकर कापला जातो. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्यांत तो आयकराच्या ८ टक्के, तर इतरत्र ९ टक्के आहे.

या एका नोंदणीवर पुढची बरीच कामे टेकलेली आहेत. संघीय मध्यवर्ती कर कार्यालयाकडून अकरा अंकी कर ओळख क्रमांक टपालाने त्याच पत्त्यावर येतो. तो वेळेत कंपनीकडे पोहोचला नाही, तर सर्वाधिक कपातीच्या सहाव्या करवर्गानुसार पगार मिळण्याची वेळ येऊ शकते. जादा कापलेली रक्कम नंतर परत मिळते, पण पहिल्या महिन्यांचे गणित कोलमडते. तेथील इमारतींत बहुधा सदनिकांना क्रमांक नसतात आणि टपाल पेटीवरील आडनाव पाहून टाकले जाते. त्यामुळे पेटीवर आणि घंटीवर आपल्या नावाची चिठ्ठी लावल्याशिवाय हे पत्र परत जाण्याची शक्यता असते.

व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी परदेशी नागरिक कार्यालयात ब्लू कार्डसाठी अर्ज करावा लागतो. त्यासाठी नोंदणीचे प्रमाणपत्र, करार, अलीकडच्या पगारपत्रकांच्या प्रती, आरोग्य विम्याचे पत्र आणि डिजिटल बायोमेट्रिक छायाचित्र लागते. पहिल्या कार्डाचे शुल्क १०० युरो आहे. कार्ड कमाल चार वर्षांसाठी आणि करार त्याहून छोटा असल्यास कराराच्या मुदतीपेक्षा तीन महिने अधिक अशा मुदतीचे मिळते. पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलल्यास ती याच कार्यालयाला कळवावी लागते आणि अटी पूर्ण होत नसल्यास कार्यालय बदल नाकारू शकते. कायमच्या वास्तव्यासाठी ब्लू कार्डावर २७ महिने नोकरी आणि तितकीच पेन्शन वर्गणी, सोबत ए-१ पातळीची जर्मन भाषा अशी अट आहे; बी-१ पातळी गाठणाऱ्यांसाठी हा काळ २१ महिन्यांवर येतो.

त्याच देशात दुसऱ्या शहरात बदली झाली तर नव्या घराची नोंदणी पुन्हा दोन आठवड्यांच्या आत करावी लागते. जुन्या शहरातील नोंद त्यामुळे आपोआप रद्द होते आणि परवान्याची फाइल नव्या शहराच्या कार्यालयाकडे जाते. जर्मनी सोडून निघताना मात्र नोंद रद्द करण्याचा अर्ज स्वतः द्यावा लागतो, आणि तो घर सोडण्यापूर्वी एक आठवड्यापासून नंतर दोन आठवड्यांपर्यंत देता येतो.