नागपुरात कर्करोग उपचार व संशोधन केंद्रासाठी निधी उभारताना : नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रे

कर्करोगाच्या उपचारासाठी नागपुरात केवळ शहरातले रुग्ण येत नाहीत. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळपासून शेजारच्या बालाघाट, छिंदवाड्यापर्यंतची कुटुंबे मानेवाडा मार्गावरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या दारी येतात. विदर्भात तंबाखू-सुपारीचा खर्रा ज्या सहजतेने खाल्ला जातो, ते पाहता आणखी एका केंद्रासाठी कोणी पुढाकार घेत असेल, तर त्याचे मनापासून स्वागतच केले पाहिजे. मात्र देणगीचे पहिले आवाहन करण्याआधी कागदपत्रे पूर्ण असणे आवश्यक आहे, कारण या कामात कागदांचा क्रम चुकला की मिळालेला पैसाही वापरता येत नाही.

पहिली पायरी नोंदणीची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम १८ नुसार, न्यास (ट्रस्ट) स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो आणि नागपूर जिल्ह्यातील संस्थांसाठी तो नागपूरच्या धर्मादाय कार्यालयाकडे जातो. अर्जासोबत न्यासपत्र किंवा घटना, विश्वस्तांची यादी व संमतिपत्रे, त्यांचे ओळखीचे व पत्त्याचे पुरावे, कार्यालयाच्या जागामालकाचे ना हरकत पत्र, मालमत्तेचा तपशील आणि प्रतिज्ञापत्र जोडावे. न्यासपत्रातील उद्देशांमध्ये ‘वैद्यकीय मदत’ एवढेच मोघम न लिहिता रुग्णालय चालवणे, संशोधन करणे आणि गरजू रुग्णांना साहाय्य देणे हे तिन्ही उद्देश स्वतंत्रपणे लिहावेत, असा माझा आग्रह आहे. पुढे प्राप्तिकर विभाग आणि कंपन्या दोघेही हाच मजकूर वाचतात. गणेश मंडळे ज्या कलम ४१क खाली वर्गणीची तात्पुरती परवानगी घेतात, ती मुदतीची परवानगी अनेक वर्षे चालणाऱ्या अशा प्रकल्पासाठी उपयोगाची नाही.

नोंदणीनंतर संस्थेच्या नावाने पॅन आणि बँक खाते घ्यावे व प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवर १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करात वजावट) या दोन्ही नोंदण्यांसाठी अर्ज करावा. नवीन संस्थेला नमुना १०ए भरून तीन वर्षांची हंगामी नोंदणी मिळते. तिची मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यांपैकी जे आधी येईल त्या वेळी, नमुना १०एबी भरून नियमित नोंदणी मागावी लागते. येथे दिलेले क्रमांक १९६१ च्या कायद्यातील, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले आहेत. प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलतात. म्हणून अर्ज भरताना पोर्टलवरचा चालू नमुनाच पाहावा.

आता पावतीविषयी थोडे सविस्तर सांगणे गरजेचे आहे, कारण सामान्य देणगीदाराचा संस्थेशी प्रत्यक्ष संबंध तिथेच येतो. पावतीवर पॅनकार्डावर असेल तसेच नाव, पॅन क्रमांक, पत्ता, रक्कम, भरण्याचा प्रकार आणि देणगीचा उद्देश लिहावा. आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत सर्व देणग्यांचे विवरण नमुना १०बीडी मध्ये सादर करावे लागते आणि त्यावरून देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र मिळते. पॅनमधले एक अक्षर जरी चुकले, तरी त्याची वजावट अडकते. रोखीने दिलेल्या २,००० रुपयांपेक्षा मोठ्या देणगीवर ८०जी ची वजावट मिळत नाही आणि नवीन करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीलाही ती मिळत नाही. या दोन्ही गोष्टी पैसे स्वीकारण्यापूर्वीच स्पष्टपणे सांगाव्यात. कार्यक्रमात दानपेटी ठेवायची असेल, तर निनावी देणग्यांपैकी एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांतील जी रक्कम मोठी असेल तिच्यापुढील भागावर ३० टक्के कर लागतो, हे विश्वस्तांनी लक्षात ठेवावे.

मोठ्या देणगीसोबत देणगीदाराचे लेखी पत्र घ्यावे. ‘ही रक्कम संस्थेच्या कायम निधीत जमा करावी’ असे त्यात स्पष्ट लिहिलेले असेल, तरच ती कॉर्पस म्हणून धरली जाते आणि कायद्याने ठरवून दिलेल्या गुंतवणुकीत ठेवता येते. नुसते ‘रुग्णालयासाठी मदत’ असे लिहिले असल्यास ती सामान्य उत्पन्नात जमा होते, आणि सामान्य उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्याच वर्षी उद्दिष्टांवर खर्च करणे अपेक्षित असते. इमारतीसाठी पैसा साठवायचा असल्यास हेतू नमूद करून नमुना १० भरावा लागतो आणि ही साठवण जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी करता येते. इमारत, संशोधन आणि गरीब रुग्णांची मदत यांचे हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत. रुग्णाच्या औषधासाठी कोणी दिलेला पैसा संगमरवरी फरशीवर खर्च होणे हे कायद्याइतकेच माणुसकीलाही धरून नाही.

कंपन्यांकडून सीएसआर निधी, म्हणजे त्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून खर्च करायचा पैसा, घेण्यासाठी आधी नमुना सीएसआर-१ भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यावर व्यावसायिक सनदी लेखापाल, कंपनी सचिव किंवा परिव्यय (कॉस्ट) लेखापाल यांचे प्रमाणन लागते. १२एबी व ८०जी सोबत संस्थेच्या कामाचा किमान तीन वर्षांचा पूर्वानुभव अपेक्षित असल्याने अगदी नव्या न्यासाला हा मार्ग लगेच मोकळा होत नाही. अशा वेळी कार्यरत असलेल्या जुन्या संस्थेशी करार करून सुरुवात करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. सीएसआरमधून घेतलेले यंत्र कंपनीच्या मालकीचे राहू शकत नाही, ते पात्र न्यासाच्या नावे असावे लागते.

किरणोपचाराच्या यंत्रासाठी निधी मागताना आणखी एक अडचण येते. लिनिअर ॲक्सिलरेटर हे किरणोपचाराचे यंत्र बसवण्यासाठी जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली, म्हणजे बंकर, लागतो आणि त्याच्या आराखड्याला अणुऊर्जा नियामक परिषदेची मंजुरी परिषदेच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीतून आधी घ्यावी लागते. कंपनीचा एकाहून अधिक वर्षे चालणारा सीएसआर प्रकल्प, तो सुरू झालेले वर्ष सोडून, तीन वर्षांत संपवायचा असतो. त्यामुळे आराखडा मंजूर नसताना यंत्राचा निधी घेतला, तर बांधकाम रेंगाळत असतानाच ही मुदत संपत येते. प्रस्तावासोबत आराखड्याची मंजुरी, जागेची कागदपत्रे, बांधकाम परवानगी, अंदाजपत्रक आणि किरणोपचारतज्ज्ञ, वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ व किरण सुरक्षा अधिकारी यांच्या नेमणुकीचे नियोजन जोडावे.

परदेशातून देणगी घेण्याचे नियम अधिक कडक आहेत. परदेशात नोकरी करणाऱ्या, पण भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या नागपूरकराने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय अंशदान (कायद्याच्या भाषेत परदेशी देणगी) ठरत नाही; तेथील नागरिकत्व घेतलेल्याची मात्र ठरते, जरी त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी. परकीय अंशदानासाठी एफसीआरए, म्हणजे परकीय अंशदान नियमन कायद्याखालची, नोंदणी हवी. तिच्यासाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी आणि मागील तीन आर्थिक वर्षांत तिने मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत. नवीन संस्थेला ठरावीक दात्याकडून, ठरावीक कामासाठी पूर्वपरवानगी मागता येते व त्यासाठी दात्याचे वचनपत्र जोडावे लागते. ही रक्कम प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावी लागते.

संशोधनासाठी निधी मागणाऱ्यांनी नीतिविषयक समितीची, म्हणजे माणसांवरील संशोधन योग्य रीतीने होते का हे तपासणाऱ्या समितीची, नोंदणी आधी करावी. औषधांच्या चाचण्या होणार असतील, तर ही नोंदणी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे, आणि अन्य जैववैद्यकीय संशोधनासाठी आरोग्य संशोधन विभागाकडे होते.

देणगीदारांना दाखवायच्या माहितीपत्रात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१कक खालील बंधनाचा उल्लेख जरूर असावा. ज्या धर्मादाय रुग्णालयाचा वार्षिक खर्च ५ लाख रुपयांपेक्षा जास्त आहे, त्याला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात, तसेच बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. या खाटांचा खर्च अंदाजपत्रकात सुरुवातीपासूनच धरावा आणि त्यासाठी कोणाला स्वतंत्र देणगी द्यायची असल्यास माहितीपत्रात तशी ओळ ठेवावी.