मॅक्युलर डिजनरेशन आणि यूडीआयडी कार्ड : मुंबईत अर्ज करताना कोणते रिपोर्ट लागतात

वयोमानानुसार डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग (मॅक्युला) झिजलेल्या ज्येष्ठांसाठी दिव्यांगत्वाचा, म्हणजे यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचं राष्ट्रीय ओळखपत्र) अर्ज बहुतेक वेळा मुलं किंवा सुना भरतात. ओसीटीची (पडद्याच्या थरांचा छेद दाखवणारं स्कॅन) जाडजूड फाईल नेली की काम झालं, असा त्यांचा समज असतो. तसं होत नाही. टक्केवारी ओसीटीवरून ठरत नाही. ती ठरते चष्मा लावून दोन्ही डोळ्यांना किती दिसतं यावरून, आणि त्यातही चांगल्या डोळ्याला जास्त वजन असतं. नजर का गेली आणि ती परत येण्यासारखी आहे का, एवढंच इमेजिंगचे रिपोर्ट सांगतात.

पात्रता

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 नुसार बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के लागतात. एका डोळ्याला 6/9 (6/6 म्हणजे उत्तम नजर; खालचा आकडा वाढेल तशी नजर कमी) आणि दुसऱ्याला जेमतेम एक मीटरवरून बोटं मोजता येत असतील, तर टक्केवारीच्या सरकारी तक्त्यानुसार 30 टक्के होतात. एक डोळा जवळपास गेलेला असूनही कार्ड पांढरं (40 टक्क्यांखालचं) मिळतं, आणि बहुतेक सवलती हाती लागत नाहीत. चांगला डोळा 6/36 वर घसरला आणि दुसरा तसाच राहिला, की आकडा 60 होतो. 40 ते 79 टक्क्यांना पिवळं कार्ड, 80 पासून पुढे निळं.

इथे या आजाराच्या रुग्णांवर थोडा अन्यायच होतो. नजरेचं क्षेत्र आक्रसलं असेल तर कायदा तेही मोजतो, पण ते कडेकडून आत आक्रसलेलं क्षेत्र. मॅक्युलर डिजनरेशनमध्ये कडा शाबूत राहतात आणि नेमका मध्यभाग जातो. पेपर वाचता येत नाही, समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही, तरी ‘क्षेत्र’ या रकान्यात काही मिळत नाही. सगळी भिस्त नजरेच्या आकड्यावर.

रिपोर्ट कोणते, आणि त्यात काय बघायचं

ओसीटी हवीच. डाय (शिरेतून देतात तो रंग) नाही, टोचणं नाही. हनुवटी टेकवायची आणि आतल्या खुणेकडे एकटक बघायचं. मध्यभागच गेलेल्या माणसाला ती खूण दिसत नाही, नजर भटकते आणि छेद मॅक्युलाच्या बाजूचाच येतो. तंत्रज्ञाला हे आधी सांगितलं तर तो बाहेरची खूण वापरतो किंवा दुसऱ्या डोळ्याने बघायला सांगतो. प्रिंटवर सिग्नलची ताकद छापलेली असते. दहापैकी आकडा देणाऱ्या मशीनवर 6 च्या खाली असेल तर तिथल्या तिथे पुन्हा काढून घ्या. डोळा कोरडा असेल तर कृत्रिम अश्रूंचे दोन थेंब टाकूनही फरक पडतो. मोतीबिंदू असेल तर मात्र पडत नाही.

मशीनमध्ये जन्मतारीख खरी टाकली आहे ना, हेही बघा. घाईत 1 जानेवारी आणि कुठलंही साल टाकलं जातं. काही मशीन पडद्याची जाडी त्याच वयाच्या निरोगी लोकांशी ताडून हिरवा-पिवळा-लाल रंग देतात, त्यामुळे वय चुकलं की रंगही चुकतो. शिवाय आधारवरचं नाव आणि रिपोर्टवरचं नाव एक नसेल तर खिडकीवरच अडतं. रिपोर्टवर ‘ओडी’ म्हणजे उजवा डोळा, ‘ओएस’ म्हणजे डावा.

जुना आणि नवा ओसीटी शक्यतो एकाच मशीनवरचा असावा. वेगवेगळ्या कंपन्यांची मशीन पडद्याची खालची सीमा वेगवेगळ्या थरावर धरतात. त्यामुळे काहीही बदल नसताना जाडी कित्येक मायक्रॉनने वाढलेली दिसते, आणि मग ‘सूज आहे, उपचार बाकी आहेत’ असा अर्थ निघू शकतो.

या आजाराचे कोरडा (पेशी हळूहळू झिजतात) आणि ओला (पडद्याखाली पाणी साठतं) असे दोन प्रकार आहेत. कोरड्या प्रकारात ऑटोफ्लुरोसन्स फोटो (डाय न टाकता काढलेला पडद्याचा खास फोटो) फार बोलका असतो. पेशी मेलेला भाग त्यात ठळक काळा दिसतो, आणि तो भाग पुन्हा जिवंत होत नाही. नजर कायमची गेली आहे हे दाखवायला याच्याइतका सोपा कागद नाही.

डाय टाकून केलेली डोळ्याच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी जुनी असेल तर जोडा. फक्त प्रमाणपत्रासाठी नव्याने करून घेऊ नका. शिरेतून फ्लुरोसिन दिल्यावर मळमळ होते, दिवसभर त्वचा पिवळसर आणि लघवी गडद केशरी दिसते, आणि क्वचित गंभीर ॲलर्जीही होते. इंडोसायनीन ग्रीन डायमध्ये आयोडीन असतं. त्याची ॲलर्जी असेल तर आधीच सांगायला हवं.

झेरॉक्स रंगीत काढा. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये जाडीच्या नकाशातले लाल आणि निळा सारखेच करडे होतात.

अर्ज

केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्ड पोर्टलवर नोंदणी करायची. आधार, पासपोर्ट साइज फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा आणि वरचे रिपोर्ट. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत. कुर्ला, अंधेरी, मुलुंडवाल्यांनी घाईत ‘मुंबई’ बघून शहर निवडलं की हॉस्पिटलांची यादी चुकीची येते. राहत्या जिल्ह्यातलं हॉस्पिटल निवडायचं, किंवा जिथे उपचार चालू आहेत ते सरकारी हॉस्पिटल. दुसरा पर्याय असेल तर तोच बरा, कारण केस पेपर तिथेच असतो. पावतीवरचा नोंदणी क्रमांक जपून ठेवा.

तपासणीच्या दिवशी

बाहुली मोठी करणारे थेंब घालून जाऊ नका. चार ते सहा तास धूसर दिसतं, आणि नजर आधी मोजावी लागते. सध्याचा चष्मा न्या. नंबर जुना असेल तर आधी नवा काढून घ्या, कारण चष्म्याने भरून निघणारी कमतरता टक्केवारीत धरत नाहीत. मोतीबिंदू पिकलेला असेल तर ‘आधी ऑपरेशन, मग या’ असं सांगितलं जातं, आणि ते बरोबरच आहे.

ओल्या प्रकारात डोळ्यात इंजेक्शनं चालू असतील तर नजर वरखाली होते. अशा वेळी ठरावीक मुदतीचंच प्रमाणपत्र मिळतं, आणि ती संपली की पुन्हा तपासणी. नजर स्थिरावेपर्यंत थांबून, आधीच्या आणि आताच्या अशा दोन्ही ओसीटी नेल्या तर कायमस्वरूपी प्रमाणपत्राची शक्यता वाढते. पण त्यासाठी इंजेक्शन पुढे ढकलू नका. पडद्याखाली साठलेलं पाणी प्रमाणपत्रासाठी थांबत नाही.

अर्ज आल्यापासून तीन महिन्यांत प्रमाणपत्र द्यावं, असं 2024 चे सुधारित नियम सांगतात. टक्केवारी मान्य नसेल तर कायद्याच्या कलम 59 खाली अपील करता येतं. अपिलात ‘वाचता येत नाही’ एवढंच लिहून भागत नाही. दुसऱ्या सरकारी नेत्रतज्ज्ञाने चष्म्यासह मोजलेली नजर जोडा.

कार्ड आल्यावर

जुन्या प्राप्तिकर प्रणालीत 40 टक्क्यांपासून 75,000 आणि 80 टक्क्यांपासून 1,25,000 रुपयांची वजावट मिळते. एसटीत 75 टक्के सवलत आहे, पण पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा एसटी प्रवास तसाही मोफतच असतो. रेल्वेची सवलत गृहीत धरू नका: दृष्टिबाधितांमध्ये ती पूर्ण अंध व्यक्तींसाठी आहे, आणि मॅक्युलर डिजनरेशनमध्ये कडेची नजर बहुधा टिकते, म्हणून निळं कार्ड असूनही अर्ज परत येतो.