पुढच्या चाकातील जोड : मॅन्युअल लॉकिंग हब बदलताना काय पाहावे

मृगाचा पाऊस पडून काळी जमीन भिजली की यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला या कापूसपट्ट्यातील पांदण रस्त्यांवर केवळ मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी गाडी फार पुढे जात नाही. त्यामुळे या भागात फोर बाय फोर पिकअप, जुनी जीप किंवा जिप्सी ही हौसेपेक्षा गरजेपोटी अधिक राखली जाते. यांपैकी अनेक गाड्यांच्या पुढच्या चाकांच्या मध्यभागी हाताने फिरवायची एक गोल चकती असते आणि तिच्यावर ‘फ्री’ व ‘लॉक’ अशा दोन खुणा असतात; ही चकती ज्या भागाची, तोच मॅन्युअल लॉकिंग हब. काही पावसाळे झाले की ती चकती जाम होते किंवा आतील दाते झिजतात आणि नवी जोडी घेण्याची वेळ येते. अशा वेळी दुकानात बहुधा पहिलाच प्रश्न ‘सर्वांत मजबूत हब कोणता’ असा विचारला जातो. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. आपल्या जमिनीवर हब कशाने निकामी होतो, तुटून की पाणी आणि माती आत शिरून, हे आधी ठरवले पाहिजे, कारण या दोन कारणांसाठी निवड वेगवेगळी करावी लागते.

या हबचे काम समजायला कठीण नाही. फोर बाय फोर गाडीत इंजिनाची शक्ती ट्रान्स्फर केसमधून (शक्ती पुढच्या-मागच्या चाकांकडे वळवणारी गिअरपेटी) पुढच्या प्रॉपेलर शाफ्टकडे (गाडीखालचा लांब दांडा), तेथून डिफरन्शियलकडे (डाव्या-उजव्या चाकांत शक्ती वाटणारे गिअर) आणि पुढे डाव्या-उजव्या हाफ शाफ्टकडे (एकेका चाकाकडे जाणारा दांडा) जाते. हाफ शाफ्टचे बाहेरचे टोक आणि चाक बसवलेला मूळ हब हे दोन स्वतंत्र भाग आहेत. त्यांना जोडणारा किंवा वेगळा करणारा भाग म्हणजे लॉकिंग हब. चकती ‘लॉक’कडे फिरवली की आतील दातेरी कडे स्प्रिंगच्या दाबाने सरकते आणि शाफ्ट व चाक एकत्र फिरू लागतात. ‘फ्री’ स्थितीत चाक आपल्या बेअरिंगवर मोकळे फिरते आणि हाफ शाफ्ट, डिफरन्शियल व पुढचा प्रॉपेलर शाफ्ट स्थिर राहतात. त्यामुळे डांबरी रस्त्यावर या भागांची झीज वाचते, आवाज कमी होतो आणि इंधनाचीही थोडी बचत होते.

दुसऱ्या महायुद्धातील मूळ विलिस जीपला अशी सोय नव्हती. तिच्या पुढच्या चाकांना साधे फ्लँज, म्हणजे शाफ्ट व चाक कायम जोडणाऱ्या तबकड्या, होते आणि पुढचा अ‍ॅक्सल गाडीबरोबर सतत फिरत असे. युद्धानंतर सैन्याने विकून टाकलेल्या जीप नागरिकांच्या हाती येऊन पक्क्या रस्त्यांवर धावू लागल्या, तेव्हा ही अडचण जाणवली आणि अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या व्यवसायाने लॉकिंग हब बाजारात आणले. भारतात महिंद्राच्या जीप याच विलिस घराण्यातून आल्या. म्हणूनच जुन्या जीपच्या हबची मापे शोधताना आजही विलिसच्या मापांपर्यंत मागे जावे लागते.

नवीन हब निवडताना सर्वांत आधी शाफ्टच्या टोकावरील उभ्या खाचा, म्हणजे स्प्लाइन, मोजाव्यात. जुन्या विलिस घराण्यातील शाफ्टवर त्या १० असतात, तर नंतरच्या अमेरिकी अ‍ॅक्सलमध्ये १९ आणि २७ ही संख्याही आढळते. एकाच नावाच्या गाडीत साल बदलले की संख्या बदललेली असू शकते, म्हणून दुकानदाराला गाडीचे नाव सांगून भागत नाही. जुना हब उघडून, पुसून, स्वतः मोजणे हाच खात्रीचा मार्ग आहे. दुसरे माप म्हणजे हब चाकाच्या मूळ हबवर आवळणाऱ्या बोल्टची संख्या आणि त्या बोल्टच्या वर्तुळाचा व्यास. हे वर्तुळ चाकाच्या नटांच्या वर्तुळापेक्षा वेगळे असते आणि त्या दोहोंची गल्लत फार वेळा होते. तिसरे माप शाफ्ट मूळ हबच्या तोंडाबाहेर किती येतो याचे आणि त्यावर सर्क्लिपची (शाफ्ट जागेवर अडवणाऱ्या स्प्रिंगच्या कड्याची) खाच कोठे आहे याचे. शाफ्ट अर्धा सेंटिमीटर जरी आत राहिला तरी दात्यांची पकड अपुरी होते आणि अपुऱ्या पकडीचे दाते टोकांकडून गोलाकार झिजत जाऊन जोर पडताच सुटू लागतात. काही गाड्यांत हब बाहेरून बोल्टने बसत नाही, तर मूळ हबच्या पोकळीत खाचांमध्ये सरकवून रिंगने अडवलेला असतो. हे दोन प्रकार एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

बोल्टविषयी येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. हबमधील टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, बोल्टच्या दांड्यांनी वाहून न्यावा अशी रचना नसते. बोल्ट दोन पृष्ठभागांना एकमेकांवर घट्ट दाबतात आणि त्या दाबातून निर्माण होणारे घर्षण टॉर्क पुढे नेते. बोल्ट सैल झाला की घर्षण कमी होते, पृष्ठभाग किंचित घसरू लागतात आणि मग दर धक्क्याला बोल्ट कातरीत सापडल्यासारखा आडवा कापला जातो. १९८१ नंतरच्या अमेरिकी सीजे (नागरी वापराच्या) जीपमध्ये सहाऐवजी पाच बोल्टचे हब आले आणि ते कमजोर ठरल्याने अनेक मालकांनी पुन्हा सहा बोल्टची रचना बसवून घेतली. म्हणून किंमत पाहण्याआधी बोल्टची संख्या, त्यांचा दर्जा आणि बसवणाऱ्या मिस्त्रीकडे टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना) आहे की नाही, हे पाहिलेले बरे.

आता मजबुतीचा प्रश्न. समजा, इंजिनाचा कमाल टॉर्क २०० न्यूटन-मीटर आहे, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४, ट्रान्स्फर केसच्या लो गिअरचे २.५ आणि डिफरन्शियलचे ४ आहे. घर्षणातील नुकसान सोडून दिले तर चारही चाकांसाठी मिळून ८,००० न्यूटन-मीटर टॉर्क उपलब्ध होतो; ढोबळमानाने त्याचा चौथा भाग, म्हणजे २,००० न्यूटन-मीटर, एका पुढच्या हबच्या वाट्याला येऊ शकतो. परंतु टायर जमिनीला जेवढा धरून राहतो, त्यापेक्षा अधिक टॉर्क हबवर टिकून राहत नाही, कारण त्यानंतर चाक जागेवरच घसरू लागते. एका चाकावर ६०० किलो भार, चाकाची त्रिज्या ०.३६ मीटर आणि कोरड्या टणक जमिनीवर घर्षणांक (टायरच्या पकडीचे प्रमाण) ०.७ धरला, तर ही मर्यादा सुमारे १,५०० न्यूटन-मीटर येते. तोच घर्षणांक भिजलेल्या काळ्या मातीत ०.२५ धरला, तर मर्यादा ५३० च्या आसपास उतरते. चिखलात फसलेली गाडी कितीही जोर लावत असल्यासारखी वाटली, तरी त्या क्षणी हबवरील भार टणक जमिनीच्या मानाने बराच कमी असतो.

काळ्या मातीच्या या वागण्याचे मूळ तिच्या घडणीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून तयार झालेल्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन ही माती बनली आणि तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज भरपूर असते. त्याच्या अतिशय पातळ थरांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, गुळगुळीत होते आणि टायरच्या खोबणी भरून टाकते. हे कण दोन मायक्रॉनपेक्षाही लहान असल्याने चकतीच्या बारीकशा फटीतून पाण्याबरोबर आत शिरतात, ग्रीसमध्ये मिसळतात आणि उन्हाळ्यात वाळून घट्ट बसतात. पुढच्या पावसाळ्यात चकती फिरत नाही, ती याच कारणाने. पूर्व विदर्भात चित्र वेगळे आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात नदी-नाल्यांच्या वाळूत क्वार्ट्झ असते. त्याची कठीणता मोहच्या प्रमाणात ७ आहे, म्हणजे साध्या पोलादापेक्षा अधिक. तेथे आत गेलेली माती हब जाम करण्यापेक्षा तो आतून घासून खाते.

पाणी आत जाते कसे, हेही पाहण्यासारखे आहे. लांबून वेगाने आलेल्या गाडीचे बेअरिंग आणि ब्रेक तापलेले असतात आणि त्यांच्याबरोबर हबमधील हवाही तापलेली असते. अशी गाडी थेट नाल्याच्या थंड पाण्यात उतरली की ती हवा आकुंचन पावते, आत दाब कमी होतो आणि बाहेरचे पाणी सीलच्या (पाणी-माती अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) कडेने आत ओढले जाते. सील नवे असले तरी हा दाबातील फरक त्यांची परीक्षा घेतोच. म्हणून नाल्याच्या काठी काही मिनिटे थांबून मग पाण्यात उतरणे हा हबचे आयुष्य वाढवणारा, बिनखर्चाचा उपाय आहे.

या सर्वांचा अर्थ असा की, कापूसपट्ट्यात आणि धानपट्ट्यात चालणाऱ्या गाडीसाठी हब निवडताना मी बळापेक्षा सीलला अधिक महत्त्व देईन. चकतीखाली ओ-रिंग (गोल रबरी सील) आहे का, ती सुटी मिळते का, हब आणि मूळ हब यांच्यामध्ये गॅस्केट (फट बुजवणारा पातळ थर) बसते का, चकती धातूची आहे की प्लास्टिकची, हे हातात घेऊन पाहावे. प्लास्टिकची चकती गंजत नाही, परंतु जाम झाल्यावर कोणी पान्याने पिळली की तिची पकड तुटते. शिवाय चकती उघड्या बोटांनी, चिखलाने माखलेल्या हातांनी फिरवता आली पाहिजे, कारण गाडी फसल्यावर ती तशीच फिरवावी लागणार असते.

मेळघाटात मात्र हिशेब बदलतो. चिखलदरा-धारणी परिसरातील चढांवर आणि सिपना नदीच्या दगडी पात्रात टायरला पकड चांगली मिळते, चाक दोन दगडांच्या मध्ये अडकते, आणि हवेत गरगर फिरणारे चाक एकाएकी खडकावर टेकते तेव्हा त्याच्या गतीतील ऊर्जा क्षणार्धात दात्यांवर येते. मोठे टायर बसवले असतील तर भार आणखी वाढतो, त्रिज्या ०.३६ वरून ०.४० मीटर झाली की आधीची १,५०० ची मर्यादा सुमारे १,६५० होते. पुढच्या डिफरन्शियललाही स्वतंत्र लॉक (दोन्ही हाफ शाफ्ट एकत्र बांधणारी सोय) असेल तर दोन चाकांचा वाटा एकाच हबवर येऊ शकतो. अशा ठिकाणी आतील कडे आणि दाते मिश्र पोलादाचे, नीट कठीण केलेले असावेत, बाहेरचे कवच मजबूत असावे आणि दाते एकमेकांत पुरेशा लांबीपर्यंत शिरत असावेत.

तरीही सर्वांत मजबूत हब घ्यावा, असा निष्कर्ष येथेही निघत नाही. चाकाकडे जाणाऱ्या साखळीत कोणता तरी एक भाग सर्वांत कमजोर असणारच, आणि तो कोणता असावा हे आपल्या हाती असते. हब तुटला तर सहा बोल्ट काढून जंगलातही दुसरा बसवता येतो. त्याऐवजी हाफ शाफ्ट किंवा त्याचा वळणारा सांधा तुटला, तर चाक, ब्रेक, बेअरिंग सर्व उतरवावे लागते, सांध्याचे तुकडे त्याच्या कवचात अडकतात आणि गाडी ओढून आणण्याची वेळ येते. म्हणून हबची क्षमता शाफ्टच्या क्षमतेपेक्षा किंचित कमी असणे हे चांगल्या रचनेचे लक्षण मानावे, घरातील विजेच्या फ्यूजसारखे. हेच कारण मला अखंड फ्लँजच्या विरोधात पटते. तो जवळजवळ तुटत नाही, पण त्याचा भार शाफ्टवर जातो आणि पुढचा अ‍ॅक्सल वर्षभर विनाकारण फिरत राहतो.

आपोआप जुळणारे किंवा व्हॅक्यूमवर (नळ्यांतील हवा ओढून) चालणारे हब काढून मॅन्युअल हब बसवण्याचा विचार अनेक जण करतात आणि ग्रामीण भागात तो योग्यच आहे. व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या काट्याकुट्यांत फाटतात. इतर स्वयंचलित प्रकारांत शाफ्ट फिरल्याशिवाय जोड लागत नाही आणि पुढे-मागे झोके घेत गाडी बाहेर काढताना दिशा बदलली की काहींचा जोड सुटतो. मॅन्युअल हबसाठी खाली उतरावे लागते, पण एकदा लॉक केल्यावर दिशा बदलली तरी तो लॉकच राहतो. पावसाळ्यात हब लॉक ठेवून दोन चाकांच्या गिअरमध्ये गाडी चालवायला हरकत नाही. मात्र कोरड्या डांबरावर फोर-व्हील गुंतवून चालवू नये, कारण वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब अंतर कापतात आणि तो फरक शाफ्टमध्ये पीळ म्हणून साठतो.

बसवताना आधी चाकाच्या बेअरिंगची घट्टाई नीट करून घ्यावी. बेअरिंग हलत असेल तर नवे दातेही तिरके झिजतील. बेअरिंगमध्ये भरपूर ग्रीस लागते, पण हबच्या सरकत्या कड्याला फक्त पातळ थर पुरेसा असतो. ग्रीस ठासून भरले तर कडे पूर्ण सरकत नाही आणि चकती ‘लॉक’ दाखवत असताना दाते अर्धवटच गुंततात. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि काही दिवस गाडी चालल्यावर पुन्हा तपासावेत. त्यानंतर मागच्या चाकांना दगड लावून पुढचे एक चाक जॅकवर उचलावे, गिअर दोन चाकांवर ठेवावा आणि चाक हाताने फिरवावे: ‘फ्री’मध्ये हाफ शाफ्ट स्थिर राहिला पाहिजे, ‘लॉक’मध्ये चाकाबरोबर फिरला पाहिजे. लॉक करूनही दाते लगेच समोरासमोर येतीलच असे नाही. चाक थोडे मागे-पुढे केले की कडे आत बसल्याचा ‘खट्’ आवाज येतो. ही तपासणी दोन्ही बाजूंना करावी, कारण एक हब लॉक आणि दुसरा फ्री राहिला तर साध्या डिफरन्शियलमुळे मोकळा शाफ्टच फिरत राहतो आणि लॉक असलेल्या चाकालाही जोर मिळत नाही.