न्यूरोलीडरशिप

मेंदूविज्ञानातले निष्कर्ष घेऊन कंपन्यांमधलं नेतृत्व, टीममधली भांडणं, बदलाला होणारा विरोध वगैरे समजावून सांगायची आणि त्यावरून सल्ला द्यायची पद्धत. कोचिंग, लीडरशिप ट्रेनिंग, अप्रेझल अशा नेहमीच्या कामांत वापरतात.

सुरुवात बहुतेक जण २००६ ची धरतात. त्या वर्षी कोच-सल्लागार डेव्हिड रॉक आणि मानसोपचारतज्ज्ञ जेफ्री श्वार्ट्झ यांचा लेख स्ट्रॅटेजी प्लस बिझनेस या अमेरिकन मॅगझिनमध्ये आला. श्वार्ट्झ यांचं मूळ काम ओसीडीच्या (तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) पेशंटवरचं, आणि लक्ष एकाच गोष्टीवर टिकवलं की मेंदूतल्या जोडण्या बदलतात हा त्यांचा मुद्दा मॅनेजरपर्यंत नेताना लेखात चक्क भौतिकशास्त्रातल्या क्वांटम झेनो परिणामाचाही (सतत निरीक्षण केलं की कणाची अवस्था बदलायची थांबते) आधार घेतलाय, जो न घेता भागलं असतं. काही जण मात्र मूळ आणखी मागे नेतात, जनरल इलेक्ट्रिकमध्ये मॅनेजमेंट ट्रेनिंग बघणाऱ्या नेड हरमन यांच्यापर्यंत. १९७० च्या दशकाच्या शेवटाकडे त्यांनी विचारपद्धतीचे चार भाग मानून प्रश्नावली बनवली, मागे रॉजर स्पेरी यांचं दुभंगलेल्या मेंदूवरचं, म्हणजे मेंदूच्या दोन अर्धांमधली जोडणी कापलेल्या पेशंटवरचं, काम होतं (स्पेरींना १९८१ चं नोबेल). पण ते चार भाग शेवटी रूपकच, एफएमआरआय स्कॅनवर (मेंदूचा कुठला भाग सक्रिय आहे ते दाखवणारा) उभं राहिलेलं सल्लागारीचं काम नव्हे, त्यामुळे २००६ च जास्त पटतं.

२००८ मध्ये रॉक यांनी स्कार्फ मॉडेल मांडलं, नाव पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून: दर्जा, खात्री, स्वायत्तता, आपलेपणा, न्याय. यातल्या एकाला जरी धक्का लागला तरी मेंदू त्याला धोका समजतो, असं म्हणणं. याचा मोठा आधार म्हणजे नेओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लिबरमन आणि किपलिंग विल्यम्स यांचा सायन्स या संशोधन नियतकालिकातला २००३ चा प्रयोग. स्कॅनरमध्ये झोपलेला माणूस कॉम्प्युटरवर बॉल फेकायचा खेळ खेळतोय, त्याला वाटतं समोर अजून दोन खेळाडू आहेत, प्रत्यक्षात ते प्रोग्रॅमच, आणि थोड्या वेळाने ते त्याला बॉल द्यायचंच थांबवतात. तेव्हा शारीरिक वेदनेत जागा होणारा अँटिरियर सिंग्युलेट या मेंदूतल्या पट्ट्याचा भाग जास्त सक्रिय दिसला. सहभागी फक्त १३. यावरूनच ‘मीटिंगमध्ये डावललं की मार बसल्यासारखंच दुखतं’ हे वाक्य स्लाइड्सवर आलं.

पण हा भाग चूक पकडणं, अनपेक्षित गोष्ट टिपणं अशा वेळीही सक्रिय होतो, म्हणजे तो पेटला म्हणून वेदनाच झाली असं उलटं अनुमान निघत नाही. रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ मध्येच, म्हणजे रॉक-श्वार्ट्झ यांचा लेख आला त्याच वर्षी, या उलट्या अनुमानावर सविस्तर लिहिलं होतं. पुढे २०१४ मध्ये चूंग-वान वू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शारीरिक वेदना आणि नकार यांचे मेंदूतले पॅटर्न एकाच भागात असले तरी वेगळे ओळखता येतात. काही माणसं डाव्या मेंदूची म्हणजे तर्कशुद्ध, काही उजव्या मेंदूची म्हणजे कल्पक, या समजाचंही तसंच, २०१३ मध्ये युटा विद्यापीठात १,०११ जणांचे स्कॅन तपासले तर एकच बाजू एकूण जास्त वापरणारी माणसं सापडलीच नाहीत.

बाजू घेणारे म्हणतात की स्कार्फ निदान बोलायला भाषा तरी देतं. ते खरंच आहे, फक्त त्यासाठी स्कॅनर लागत नाही: कामावर स्वायत्तता आणि न्याय हवा हे संघटनात्मक मानसशास्त्र कितीतरी आधीपासून प्रश्नावल्या आणि मुलाखतींवरून सांगत होतं. डीना वाइसबर्ग आणि सहकाऱ्यांचा २००८ चा अभ्यास इथे जास्त कामाचा: कच्च्या स्पष्टीकरणाला मेंदूविज्ञानाचा असंबद्ध उल्लेख चिकटवला तर सामान्य वाचकांना ते जास्त पटतं, या विषयातल्या तज्ज्ञांना नाही.